ग्रेडरसाहेबांचा डबा

मारेगाव, १८ नोव्हेंबर २००५

बळीराम,

पांढरकवड्याचं हॉटेल काल बंद केलं. बाभुळगावचं दोन वर्षांपूर्वी केलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. आता जोडी भोजनालय म्हणजे आपलं मारेगावचं तेवढं उरलं. आठ वर्षांत तू माझी विचारपूस केली नाहीस, मी तुझी केली नाही, आणि आज एकदम पत्र कशाला, असं तुला वाटेल. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

हॉटेल कशानं बंद पडलं, याचं उत्तर सोपं आहे. रांग गेली. आता व्यापारी टेम्पो घेऊन गावातच जातो, अंगणात काटा लावतो आणि तिथल्या तिथे कापूस उचलतो. सरकारी खरेदीच्या दारात तीन-तीन दिवस बैलबंडी लावून बसायला कोण येणार? भाव पडलेला, त्यात पीक कमी. जो कोणी येतो तो तासाभरात मोकळा होतो आणि स्टँडवर वडापाव खाऊन घर गाठतो.

आपल्या वेळी शंभर-शंभर बंड्या लागायच्या रस्त्यानं. भाकर त्यांची घरची, रस्सा आपला, हा आपला रिवाज. पुढच्या चुलीवर वच्छलावहिनींची वांग्याची भाजी आणि वरण, मागच्या चुलीवर माझं मटण. ज्याला जे चालतं ते त्यानं घ्यावं. बैल सोडून लोक बंडीखाली बसायचे आणि आपण दोघं बादल्या घेऊन त्यांना जागेवर जाऊन वाढायचो. रांगेला शिव्या आणि रश्श्याला दुवा, दोन्ही एकाच तोंडून ऐकायचो. त्या जिवावर आपण तीन गावांत तीन हॉटेलं काढली आणि स्वतःला फार हुशार समजलो.

पण पत्राचं कारण हॉटेल नाही. मागच्या आठवड्यात वणीच्या स्टँडवर वहिनी भेटल्या. त्यांनी मला पाहून पदर सारखा केला आणि मी सलाम केला. चंद्रपूरला समीक्षाकडे तुमचं कसं चाललंय ते विचारलं. मुलगी-जावई चांगले आहेत म्हणाल्या, आणि मग स्वतःहूनच बोलल्या. "त्याईले गावात यायचं हाय भाऊ. शिवणीत घराची जागा हाय, दोन खोल्या बांधू म्हणतेत. पण गाव चोर म्हणते, तं कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणून बसून राह्यतेत."

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी चहा पाजून मोकळा झालो असतो.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात अवकाळी पाऊस आला, रांगेतल्या बंड्या भिजल्या आणि कापसाची प्रत उतरली. प्रत ठरवणाऱ्या सरकारी ग्रेडरला डबा चारून बळीरामनं स्वतःची बंडी आदल्या दिवशीच पुढे काढली आणि बाकीच्यांना पावसात ठेवलं, असं शिवणी आजही म्हणते. ते खरं नाही. खरं नाही हे मला कसं माहीत, ते लिहायला आज हात उचलत नाही.

शकील


मारेगाव, ४ डिसेंबर २००५

बळीराम,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाटही पाहत नव्हतो, पण पोस्टमन दारावरून गेला की मान आपोआप वळते.

तुझ्या बंडीचं आधी सांगतो, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. त्या वेळी तू चार दिवस रांगेत होतास. दिवसा हॉटेलात राबायचास आणि मधूनच जाऊन बैलांना कडबा टाकून यायचास. चौथ्या दिवशी सकाळी तुझा नंबर पुकारला. तू मला येऊन म्हणालास, "पाय बे शकील, नशीब निघालं! मधातल्या पाच-सहा बंड्या कुठं गेल्या कोणास ठाऊक." त्या कुठंही गेल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळी मी ग्रेडरसाहेबांना गाठून सांगितलं होतं की बळीरामचा कापूस उद्या सकाळी घ्या, माझा माणूस आहे, तीन दिवसांपासून त्याच्या पाठीला जमीन लागलेली नाही.

तुला सांगितलं असतं तर तू बंडी परत मागं नेली असतीस. तुझा तो स्वभाव मी शाळेपासून ओळखतो. म्हणून तुझ्या नकळत केलं. तुझा कापूस मोजून झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं.

हे मी तुझ्या भल्यासाठी केलं, बळी. एवढं लिहून इथंच सही करावी असं वाटतंय. शमसुन्निसानं मागून डोकावून विचारलं, "उसको पूरा लिखे क्या?" तिला मराठी वाचता येत नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारानं माझी पाठ वाचता येते. मी म्हटलं, लिहितोय.

आज एवढंच.

शकील


मारेगाव, २१ डिसेंबर २००५

बळीराम,

सकाळपासून तीन कागद चुरगाळले. आता एका दमात लिहितो.

ग्रेडरसाहेब शाकाहारी, आणि माझ्या हातचं पाणीही न घेणारे. त्यामुळे त्यांचा दुपारचा डबा पुढच्या चुलीवरून जायचा आणि तो न्यायचास तू. साहेब परगावचे, एकटे राहतात, त्यांना घरचं जेवण मिळावं म्हणून डबा, असं मी तुला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी ते खरंही होतं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या वेळचं पुरण खाऊन वहिनींच्या हाताचं कौतुक मी साहेबांपाशी केलं होतं, म्हणून हंगामात एकदा त्यांच्या डब्यात पुरणाच्या पोळ्या आणि वर भरपूर तूप गेलं. साहेब जेवले आणि तिथंच खुर्चीत झोपले. काटा चार वाजेपर्यंत उभा. त्या दिवशी पन्नास-साठ बंड्या मुक्कामी राहिल्या आणि संध्याकाळी आपला रस्सा दोनदा वाढवावा लागला. तू आणि मी बादल्या नेता नेता थकलो. मी थकलो होतो, पण डोकं चालू होतं.

तेव्हापासून रांग जरा भरभर सरकायला लागली की मी वहिनींना सांगायचो, आज साहेबांना पुरण घाला. कधी श्रीखंड, कधी तुपातला शिरा. वहिनी बिचाऱ्या म्हणायच्या, "साहेबाले गोड लई आवडते वाटते." मी म्हणायचो, हो, लई. मी लाच दिली नाही, काटेवाल्याशी संगनमत केलं नाही, साहेबांशी एक वावगा शब्द बोललो नाही. माणसाला पोटभर जेवू घातलं, एवढंच. सात हंगाम मी स्वतःला हेच सांगत होतो. हॉटेलवाल्याला पाप करायचं तर तो ते वाढूनच करणार.

त्या पावसाच्या दिवशीही पुरण होतं. सकाळी वीस बंड्या आत गेल्या होत्या, आणि त्याच चालीनं दुपारभर काटा चालला असता तर शिवणीच्या सगळ्या बंड्या पावसाआधी मोकळ्या झाल्या असत्या. मी हा हिशोब आठ वर्षं करतोय, त्याचं उत्तर बदलत नाही. साडेतीनला पाऊस आला तेव्हा साहेब घोरत होते.

मग संध्याकाळी ते सगळे हॉटेलात आले. तुला ते माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी लिहितो, कारण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्यापाशी असलं पाहिजे. पुढे किसनराव होते, ओल्या धोतरात. त्यांच्या दोन बंड्या भिजल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेबाले डबा कोण नेते?" तू म्हणालास, "मी नेतो." लपवण्यासारखं काही आहे हे तुला ठाऊकच नव्हतं. "अन तुही बंडी कालच कशी निघाली बे?" तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, शकील सांगेल की नंबर लागला होता.

माझ्या हातात रश्श्याचा डाव होता. मी म्हणालो, "डब्याचं सारं बळीरामच पाहते. मले काही माहीत नाही."

एवढंच बोललो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फरक इतकाच की दोर मी स्वतः त्यांच्या हातात दिला. तू भांडला नाहीस. तू माझ्याकडे पाहत राहिलास आणि मी पातेल्यात पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुढची चूल सारवली, आपली तवा-परात उचलली आणि तुम्ही दोघं गेलात.

मी घाबरलो होतो, बळी. तीन हॉटेलं, पंधरा माणसं त्यांच्यावर जगणारी, फिरोजचं नुकतंच लग्न ठरलेलं. खरं कळलं तर एक माणूस पुन्हा पायरी चढणार नाही, असं वाटलं. आपलं हॉटेल वाचवायला मी तुला त्यांच्या हवाली केलं.

शकील


मारेगाव, ९ जानेवारी २००६

बळीराम,

मारेगावचंही बंद करायचं ठरलं. बावीस तारखेला, रविवारी. मी शिवणीला आणि आसपासच्या गावांना निरोप धाडलाय की शेवटचं जेवण आपल्याकडे, भाकर घरची आणा, बाकी आमचं. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला लिहून माझं मन मोकळं झालं असेल, पण तुझ्या दोन खोल्या त्यानं उभ्या राहत नाहीत. शिवणीला ऐकू गेलं पाहिजे.

फिरोजला कळलं आणि घरात दोन दिवस नुसता धिंगाणा. त्याला हायवेवर ढाबा टाकायचाय. ट्रकवाले थांबतील, टीव्ही लावू, पनीर ठेवू म्हणतो. जोडीच्या नावावरच लोक येतील असा त्याचा भरवसा. म्हणाला, "अब्बा, जाने दो ना. आठ साल हो गये. धंदे के नाम पे थूकेंगे लोग." मी म्हटलं, थुंकू दे. तो म्हणाला, "थूकेंगे आप पे, पोंछना मेरेको पडेगा." पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याचं नुकसान होणार हे मला दिसतंय.

शमसुन्निसा इतका वेळ तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बोलना था तो तब बोलते. अब काहे का डर, जो बोल रहे? अब तो हॉटेल बंद ही हो रहा." मला राग आला. म्हटलं, तू कुणाच्या बाजूनं आहेस? ती म्हणाली, "वच्छला के." आणि तांदूळ घेऊन आत गेली.

तिचं बरोबर आहे. हॉटेल चालू असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. बुडायला लागल्यावर खरं बोलणं सोपं असतं. पण बळी, उशिरानं का होईना, तुझं नाव धुवून निघत असेल तर माझ्या मनाचा खरेखोटेपणा नंतर पाहू. त्या दिवशी तू यावंस असं फार वाटतं. आलास तर पुढच्या दारानं ये. नाही आलास तर इथं काय झालं ते मी शब्दन् शब्द कळवीन.

परवा बकरी ईद आणि मग तुमची संक्रांत, दोन्ही एकाच आठवड्यात आल्यात. वहिनींना माझा सलाम सांग. सांगावासा वाटला तरच.

शकील


मारेगाव, २४ जानेवारी २००६

बळीराम,

तू आला नाहीस. बरं केलंस. हे वाचून झाल्यावर तुलाही तसंच वाटेल.

कबूल केल्याप्रमाणे शब्दन् शब्द लिहितो. मध्ये दोन दिवस गेले, कारण लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. थोडं गाळून, थोडं गोड करून सांगता आलं असतं. पण गाळून सांगण्यातच माझी आठ वर्षं गेली.

रविवारी दुपारी साठेक माणसं आली. शिवणीचेच वीस-पंचवीस होते. फडक्यात बांधून भाकरी आणल्या होत्या, जुन्या रिवाजानं. पुढच्या चुलीवर शेजारची बाई होती, मागं मी. लोक खुशीत होते. एकानं बाहेर पाटीचा फोटो काढला. कुणी म्हणत होतं, असा रस्सा जिल्ह्यात नाही, आता आम्ही जेवावं कुठं. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले. खोटं नाही सांगत, मला ते सगळं गोड लागत होतं. इतकं की बोलूच नये असं एकदा मनात येऊन गेलं.

पंगत निम्मी झाली तेव्हा मी मधोमध उभा राहिलो. म्हणालो, "ऐका जरा. त्या पावसात तुमचा कापूस भिजला, त्यात बळीरामचा काही गुन्हा नव्हता. साहेबाले गोडधोड खाऊ घालून मी झोपवत होतो, तुम्ही मुक्कामी राह्यले पाहिजे म्हणून. त्याची बंडी बी मीच पुढं काढाले लावली. त्याले दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. मी खोटं बोललो अन त्याले चोर ठरवलं."

फिरोज दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता ताटं भिरकावतील. एखादा उठून थोबाडीत देईल. त्यासाठी मी मनाची तयारी करून उभा होतो.

कुणी उठलं नाही. किसनराव समोरच बसले होते. हातातला घास त्यांनी तोंडात घातला, चावला, पाणी प्याले आणि म्हणाले, "शकीलभाऊ, हे काय नवीन सांगून राह्यला तू? रांगेत बसलेल्या माणसाले दिसत नाही का, काटा कवा थांबते अन कायले थांबते? पुरणाचा वास आमाले बी येत होता."

मी विचारलं, "मंग बळीरामले काहून धरलं?"

"कोणाले तरी धराच लागत होतं. लोकं तापले होते. तुले धरलं असतं तं हाटेल बंद पडलं असतं. थंडीत तीन-तीन दिवस रस्त्यावर बसाचं, तं गरम रस्सा कोणी देला असता? बळीराम गेला तं भाजी-वरण दुसऱ्या बाईनं केलं. तुह्या हातचा रस्सा कोणाले जमते?" मग बाजूच्या माणसाकडे पाहून म्हणाले, "का हो? खोटं हाय का?"

बाजूचा म्हणाला, नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या. बाकीचे ताटात पाहत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते मी नीट पाहिलं, एकेकाकडे. कुणालाही धक्का बसला नव्हता, बळी. धक्का बसलेला तिथं मी एकटाच होतो.

मी विचारलं, "मंग आता? त्याले गावात यायचं हाय."

किसनराव म्हणाले, "ये म्हणा ना. आता काय हाय? आता ना रांग राह्यली, ना हाटेल राह्यलं." आणि ताट पुढे सरकवलं. "थोडा रस्सा दे."

मी वाढला. हेही तुला लिहिलं पाहिजे. डाव आपटून बाहेर निघून जाता आलं असतं, पण हाताला सवय आहे, त्यांनी मागितलं आणि मी वाढला. मग सगळ्यांनीच मागितला. पातेलं रिकामं होईपर्यंत जेवले, हात धुतले, अल्ला भलं करो म्हणाले, राम राम म्हणाले आणि गेले.

सव्वीस वर्षं मी छाती फुगवून सांगत आलो की लोकांचं आपल्या हॉटेलावर प्रेम आहे. होतं. खरंच होतं. त्या प्रेमापायी एका माणसाला गावाबाहेर काढताना साऱ्या गावाला जड गेलं नाही, आणि त्यात सगळ्यांत पुढे मी होतो. रविवारपर्यंत हॉटेल बंद पडल्याचं मला दुःख होतं. आता नाही.

शिवणीचा निरोप मी तुला पोहोचवला, ये म्हणतात. दोन खोल्या बांधायला आता कुणी आडवं येणार नाही. पण काल रात्री माझ्या मनात एक गोष्ट आली आणि झोप उडाली. तू रांगेत चार दिवस बसला होतास. पुरणाचा वास तुझ्या डब्यातूनच येत होता. माझं कारस्थान तुला ठाऊक नसेल, पण त्या संध्याकाळी हॉटेलात ते सगळे तुझ्या अंगावर आले तेव्हा त्यांचे चेहरे तू समोरून पाहिलेस. ते जाणूनबुजून बोलतायत, हे तुला त्याच वेळी कळलं होतं का? वहिनी म्हणाल्या, कोणत्या तोंडानं जाऊ असं म्हणून तू बसून राहतोस. तू तुझ्या तोंडाबद्दल बोलत होतास की त्यांच्या, हे मला विचारायचंय. पत्रात विचारण्याची गोष्ट नाही ही.

शनिवारी पहिल्या गाडीनं चंद्रपूरला येतोय. दार उघडावंसं वाटलं तर उघड, नाही तर मी ओट्यावर बसेन आणि दुपारच्या गाडीनं परत जाईन. गावी जायचं म्हणालास तर तुझी वीट मी डोक्यावर वाहीन. त्या गावाचं तोंड पाहायचं नाही म्हणालास तर तुला समजावायला माझ्याकडे एक शब्द नाही.

तुझा,
शकील